झाडाचा खण

चिनी लिपीतलं झाड चार फटकाऱ्यांत उभं राहतं. एक आडवी रेघ, तिला छेदून खाली जाणारी उभी रेघ आणि छेदापासून डावीउजवीकडे उतरणारे दोन तिरपे फराटे. हेच झाड दुसऱ्या अक्षराच्या डाव्या बाजूला बसलं की अंग चोरून बसतं. उजवा फराटा आखडून ठिपक्याएवढा होतो, म्हणजे शेजारच्या चिन्हाला धक्का लागत नाही. असं डावीकडे बसलेलं झाड जपानी शिकणाऱ्या पुणेकरांना ‘किहेन’ या नावाने माहीत असतं.

अशा चिन्हांना जपानीत ‘बुशु’ म्हणतात, चिनीत ‘बूशौ’, कोरियनमध्ये ‘बुसू’, व्हिएतनामीत ‘बो थू’. एकाच जोडशब्दाचे हे चार उच्चार, अर्थ विभागाचं शीर्ष. विभाग म्हणजे कोशातले. मोल्सवर्थचा 1831 सालचा मराठी कोश उघडला तर ‘झाड’ कुठे सापडेल हे आपल्याला वर्णमाला सांगते. चिनीत क-ख-ग नाही. हजारो अक्षरांना क्रम लावायचा तर हाताशी काहीतरी हवं, म्हणून अक्षरातलाच एक भाग धरून त्यांचे खण पाडले गेले. 1716 सालच्या कांगशी कोशात 47,000हून जास्त अक्षरं 214 खणांत लावलेली आहेत. झाडाचा खण 75वा.

माझी बायको पुण्यात जपानी शिकवते. तिचा भाचा चिनी शिकला, आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची चिनी-जपानी भाषांतरं तपासतो. डिसेंबरच्या परीक्षेला बसणाऱ्या बॅचसाठी मावशीला एक मोठा तक्ता छापून हवा होता. मधोमध झाड, फांद्यांना या खणातली अक्षरं, वर ठळक शीर्षक ‘झाड : अर्थाची खूण’. भाच्याने कच्चा आराखडा पाहिला आणि निम्मी अक्षरं उतरवायला सांगितली. पुढचं बोलणं त्यावरून झालं. मी चहा केला आणि मधूनमधून नाक खुपसलं.

मावशी : निम्मी म्हणजे कुठली? मात्सु म्हणजे पाइन, मोमो म्हणजे पीच, शिवाय उमे, साकुरा. सगळ्यांच्या डावीकडे झाड. मग हाशी म्हणजे पूल, माकुरा म्हणजे उशी. पूर्वी पूल लाकडाचे आणि उशाही लाकडाच्या. एकदा सांगितलं की पोरं नवीन अक्षराकडे बघून आपणहून म्हणतात, सेन्सेई, काहीतरी लाकडी दिसतंय.

भाचा : त्यांना माझी हरकत नाही. पण हे ‘पूर्व’ कशाला टांगलंयस? तोक्योमधलं ‘तो’.

मावशी : अरे, झाडाआड उगवणारा सूर्य आहे तो. झाडाच्या बुंध्यावर मधोमध सूर्याची चौकट. दिसत नाही का?

भाचा : दिसतं ना, श्यू शेनच्या कोशातही तसंच लिहिलंय. इसवी सन 100च्या आसपासचा तो कोश, 9,353 अक्षरं आणि 540 खण. पण त्याच्याही हजारभर वर्षं आधीची, कासवांच्या कवचांवर आणि बैलांच्या हाडांवर कोरलेली अक्षरं 1899पासून उजेडात आली. श्यू शेनला ती कधी पाहायलाच मिळाली नव्हती. त्यात ‘पूर्व’चं रूप म्हणजे दोन्ही तोंडं बांधलेलं बोचकं आहे. दिशेचं चित्र काढणार तरी कसं? म्हणून उच्चार जुळणारं बोचकं उसनं घेतलं. त्यात झाडही नाही आणि सूर्यही नाही.

मावशी : मग वर्गात बोचकं सांगू? झाडाआडचा सूर्य सांगितला की ते अक्षर परीक्षेपर्यंत टिकतं.

भाचा : सांग की. पण ती लक्षात ठेवायची युक्ती झाली. शीर्षकात तू ‘अर्थाची खूण’ म्हटलंयस. हे खण अर्थासाठी कमी आणि सापडण्यासाठी जास्त आहेत. 1615 साली मेइ यिंगझुओने 540 खण मोडून 214 केले, कांगशीवाल्यांनी तेच उचलले. अप्पा बळवंत चौकातला दुकानदार पुस्तकं कशी लावतो? गिऱ्हाईक ज्या नावाने मागेल तशी. पुस्तकात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ‘पूर्व’ झाडाखाली सापडेल असं लोकांना वाटतं ना, मग ठेवलं झाडाखाली.

मावशी : आणि ‘राकु’? आनंद, संगीत. पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलं, तिच्या नावातलं मधलं अक्षर. त्याच्याही बुडाशी झाड आहे. काढू?

भाचा : ते राहू दे. लाकडावर ताणलेल्या तारा, असा एक अर्थ त्याचा लावतात.

मावशी : बघ, म्हणजे तुझा दुकानदार अधूनमधून पुस्तक उघडतोसुद्धा!

इथवर ऐकल्यावर मला वाटलं, ही दोघं दोन निराळ्या गोष्टींवरून भांडतायत. अक्षर घडवणाऱ्याने त्यात ठेवलेली अर्थाची खूण ही एक, आणि कित्येक शतकांनंतर कोशकाराने शोधणाऱ्यासाठी निवडलेलं शीर्ष ही दुसरी. बहुतेक अक्षरांत दोन्ही कामं एकच चिन्ह करतं, म्हणून गल्लत होते. हे मी बोलून दाखवलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बिस्किटं आणायला उठलो.

भाचा : खरं सांगू, तक्त्याची मोठी अडचण ‘पूर्व’ नाहीच. तू प्रत्येक अक्षरातलं झाड हिरवं केलंयस आणि उरलेला भाग फिकट राखाडी. अक्षराचा उच्चार त्या राखाडी भागात आहे! चिनीतली बहुसंख्य अक्षरं अशी जोडीची आहेत, एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चार सुचवतो. शाळेचं अक्षर घे, गाक्कोमधलं ‘को’. डावीकडे झाड आणि उजवीकडे जो तुकडा, त्याचा उच्चार ‘को’. तोच तुकडा उपनगराच्या अक्षरात आहे, तेही ‘को’. गुण येण्याच्या, परिणामाच्या अक्षरात आहे, तेही ‘को’. एन थ्री पातळीचं पोरगं त्या तुकड्याच्या जोरावर न शिकलेलं अक्षर वाचून दाखवेल. झाडावरून काय सांगेल, की शाळा लाकडाची आहे?

मावशी : सांगेल की! श्यू शेनने त्या अक्षराचा अर्थ कैद्याला अडकवायचा लाकडी खोडा असाच दिलाय. हे सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो.

भाचा : होणारच.

मावशी : हसू नकोस. तुझा तो उच्चाराचा भाग चिनी माणसाशी बोलतो, जपान्याशी निम्म्या वेळा बोलतच नाही. पुलाच्या अक्षराचा उजवा भाग चिनीत ‘छ्याओ’, अख्खं अक्षरही ‘छ्याओ’. छान जमलं. जपानी माणूस त्याच अक्षराला म्हणतो हाशी. आता हाशीत छ्याओ कुठे शोधायचा? मात्सु, साकुरा, माकुरा, कुठल्याच शब्दाला उजव्या भागाचा उपयोग नाही, कारण शब्द जपान्यांचे घरचे आणि अक्षर बाहेरचं. समुद्र ओलांडताना उच्चार गळला, झाड मात्र पोचलं. माझी मुलं जपानी शिकतात. म्हणून मी झाड हिरवं केलं.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. भाचाही क्षणभर गप्प झाला, पण क्षणभरच.

भाचा : झाड पोचलं, पण तेच झाड पोचलं का? झाड आणि वसंत मिळून जे अक्षर होतं ते तुझ्याकडे त्सुबाकी, म्हणजे लालभडक फुलांची कॅमेलिया. चीनमध्ये तेच अक्षर ‘छुन’ नावाच्या निराळ्याच झाडाचं आहे. त्याची कोवळी पालवी अंड्यात घालून परततात. तुझा काशिवा म्हणजे ओक, ज्याच्या पानात मोची ही तांदळाची मिठाई गुंडाळतात. त्या अक्षराला चीनमध्ये सायप्रस म्हणतात. तुझी काएदे म्हणजे मेपल, तिकडे वेगळंच झाड. जपान्यांनी चिनी अक्षरं आपल्या अंगणातल्या झाडांना अंदाजाने वाटून टाकली.

मावशी : वाटली ना, पण झाडांनाच वाटली. त्सुबाकीचं अक्षर कोणी माशाला दिलं नाही. आणि वाटणी किती देखणी आहे ते बघ. झाड आणि वसंत त्सुबाकी, झाड आणि ग्रीष्म एनोकी, झाड आणि शरद हिसागी, झाड आणि हिवाळा हिइरागी. पुढे त्यांनी स्वतःची अक्षरंही पाडली. शिंतो देवळात ज्याची डहाळी वाहतात त्या साकाकीचं अक्षर म्हणजे झाड आणि देव, शेजारी शेजारी. ते जपानमध्येच जन्मलं. नुसता कोशाचा खण असता तर लोक त्यातून नवीन अक्षरं कशाला घडवतील?

भाचा : हे मान्य. आता माझ्या कामातलं ऐक. तुझं ‘त्सुकुए’, टेबलाचं अक्षर. झाड आणि उजवीकडे दोन रेघांचा छोटा तुकडा, सगळे मिळून सहा फटकारे. चीनमध्ये यंत्राचं अक्षर सोळा फटकाऱ्यांचं होतं, उच्चार ‘जी’. 1950च्या दशकात सरकारने लिपी सोपी करायला घेतली तेव्हा त्याच उच्चाराचं हे सहा फटकाऱ्यांचं अक्षर यंत्राला देऊन टाकलं. आता चिनी मोबाइल म्हणजे ‘शौजी’, हात अधिक हे अक्षर. जपानी माणूस वाचतो हातटेबल. विमान ‘फेइजी’, तो वाचतो उडतं टेबल. तैवान आणि हाँगकाँग अजून सोळा फटकारेच मारतात. मी रोज हे निस्तरतो आणि तू म्हणतेस खूण अर्थाची!

मावशी : सोळा फटकाऱ्यांच्या अक्षरात डावीकडे काय होतं?

भाचा : झाड.

मावशी : का?

भाचा : कारण मुळात तो माग होता. विणकराचा.

मावशी : लाकडी.

भाचा : हो, लाकडी. पण शौजी लाकडी नाही ना, मावशी!

कोरियात काय स्थिती आहे, असं मी विचारलं. रांजणगाव औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या आमच्या ओळखीतल्या एकांना रोज कोरियन माणसं भेटतात, आणि त्यांच्यात ली आणि पार्क फार. भाच्याने सांगितलं की ली म्हणजे झाडाखाली मूल, आलुबुखारासारख्या फळझाडाचं अक्षर. पार्कमध्येही झाड आहे, आणि इम किंवा लिम म्हणजे दोन झाडं शेजारी, वन. तेच वनाचं अक्षर चीनमध्ये लिन, व्हिएतनाममध्ये लाम, आणि जपानमध्ये हायाशी हे आडनाव. पण कोरियन माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावर आता बहुधा हंगुल ही कोरियन लिपी असते आणि तिच्यात झाड दिसत नाही. उत्तर कोरियाने 1949 सालीच चिनी अक्षरं रोजच्या लिखाणातून काढली. व्हिएतनामने शेवटची राजदरबारी परीक्षा 1919 साली घेतली, आणि पुढे सगळं लेखन रोमन लिपीत गेलं.

भाचा : मुख्याध्यापकाला चीनमध्ये ‘श्याओचांग’ म्हणतात, जपानमध्ये ‘कोच्यो’, कोरियात ‘क्योजांग’, व्हिएतनाममध्ये ‘ह्येउ च्युओंग’. चारही एकच जोडशब्द, पहिलं अक्षर तुझ्या खोड्याचं. कोरियन आणि व्हिएतनामी पोरांनी ते झाड पाहिलेलंही नसतं आणि त्यांचं काही अडत नाही. मुख्याध्यापकांना ती तितकीच घाबरतात.

मावशी : अडत नाही म्हणतोस, तर दक्षिण कोरियाने 1972 साली शाळांसाठी 1,800 अक्षरं का ठरवून दिली?

भाचा : ठरवली, पण शिकतं कोण?

मावशी : तो त्यांच्या मास्तरांचा प्रश्न.

यानंतर बोलणं आमच्या घराजवळ आलं. माझं स्वतःचं जे काही वाचन आहे ते पाली-संस्कृतचं, त्यामुळे मला चेव आला. फर्ग्युसन महाविद्यालयातले पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी 1937 साली विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथांची तुलना पुण्यात प्रसिद्ध केली. विमुत्तिमग्गाची मूळ पाली प्रत हरवलेली. संपूर्ण ग्रंथ उरलाय तो सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात. म्हणजे पाली ग्रंथ वाचायला पुण्याच्या माणसाला चिनी शिकावं लागलं. पुढे 1970 साली भांडारकर संस्थेने बापट आणि आकिरा हिराकावा यांचं आणखी एक काम छापलं, समन्तपासादिका या पाली ग्रंथाच्या चिनी रूपाचं इंग्रजी भाषांतर. ही पानं उलटताना बापटांनी कोश उघडला असेल तो खणांच्याच वाटेने. फोन नव्हता, बोटाने अक्षर गिरवायची सोय नव्हती. आधी झाड ओळखायचं, मग उरलेले फटकारे मोजायचे, मग त्या आकड्याखालची यादी नजरेने चाळायची. एक फटकारा चुकला की पान चुकलं.

मावशी : आणि त्या खणात त्यांना काय काय भेटलं असेल! ‘बोन’ हे अक्षर. वर दोन झाडं, खाली उच्चाराचा तुकडा. अर्थ ब्रह्म. बोनगो म्हणजे संस्कृत भाषा. चीनमध्ये ‘फान’, व्हिएतनाममध्ये ‘फान’, कोरियात ‘बॉम’. सगळ्या पूर्व आशियात संस्कृतच्या डोक्यावर दोन झाडं आहेत.

भाचा : पण ब्रह्माचा आणि झाडाचा संबंध काय?

मावशी : अरण्यात बसलेले ऋषी!

भाचा : हे पुण्यात सुचलेलं आहे, चीनमध्ये नाही. उच्चार जवळचा मिळाला, घेतला. हे दुसरं बघ. लंकावतारसूत्राच्या चिनी नावात लंकेसाठी दोन अक्षरं आहेत, ‘लंग-छ्ये’. पहिल्यात डावीकडे ठसठशीत झाड. गुणभद्राचं भाषांतर 443 सालचं आहे, म्हणजे तेव्हापासून लंका झाडाच्या खणात पडलीय. अशोकवन मनात आणू नकोस, ते नुसतं ‘लं’ आहे. ‘गो’ म्हणजे कर्म. जपानी माणूस रोज बोलतो ना, जिगो-जितोकु, आपल्या कर्माची फळं आपण भोगायची. त्या ‘गो’चा खालचा भाग झाडासारखा दिसतो म्हणून कांगशीने झाडाखाली ठेवलं. श्यू शेनकडे ते दुसऱ्याच खणात होतं.

मावशी : त्याचा मूळ अर्थ काय दिलाय त्याने?

भाचा : घंटा टांगायच्या चौकटीवरची फळी.

मावशी : फळी कशाची?

भाचा : मावशी, असं नाही चालत! दर वेळी लाकूड निघतं कारण जुन्या काळी सगळंच लाकडाचं होतं.

मावशी : बरं, मग चंदन? ‘झानथान’, जपानीत ‘सेंदान’. संस्कृत शब्दाचा उच्चार दोन अक्षरांत बसवला, आणि दोन्हींच्या डावीकडे झाड. इथेही नुसता ध्वनी म्हणणार? झान आणि थान उच्चाराची झाडावाचूनची अक्षरं नव्हती का?

भाचा : होती, ढिगाने.

मावशी : मग भाषांतरकाराने झाडवालीच का निवडली?

भाचा : कारण चंदन झाड आहे हे त्याला वाचकाला सांगायचं होतं. हो, हा तुझा.

सेंदान कोवळ्या दुपानी अवस्थेतच दरवळतं, अशी जपानीत म्हण आहे. आपल्याकडे त्या जागी बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. मला त्याहून मजेदार वाटते ती ‘दान’ या शब्दाची गत. चिनी बौद्धांनी तो चंदनाच्याच ‘थान’ अक्षराने लिहिला. जपानीत त्याचा ‘दान्ना’ झाला, दान देणारा यजमान, मग घरधनी, मग नवरा. आता तो बहुधा सोप्या अक्षराने लिहितात आणि त्यात झाड नाही. माझी बायको रागावली की मला दान्ना म्हणते. दान करायचं ते माझ्याकडून आधीच करून झालेलं असतं.

भाचा : काका, तुमची दोन्ही बाजूंनी चाललीय. आता शेवटचं सांगतो. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस. 1938 साली पाच डॉक्टरांचं पथक हिंदुस्थानातून चीनला गेलं. अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. प्रत्येकाला चिनी नाव मिळालं आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘ह्वा’, म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘ख दीह्वा’. ‘ख’मध्ये डावीकडे झाड, ‘दी’मध्येही डावीकडे झाड.

मावशी : म्हणूनच तक्त्यावर घेतलंय मी त्यांना.

भाचा : ‘ख’चा अर्थ माहीत आहे? कुऱ्हाडीचा दांडा. खुणेला अर्थ असतो असं धरलं, तर परक्या मुलखात माणसं वाचवणाऱ्या डॉक्टरला तू गोतास काळ ठरवलंस! आणि मुखर्जींचं नाव ‘मू-ख-ह्वा’. त्यातला ‘मू’ म्हणजे तुझं झाडच, आख्खं, एकटं, चार फटकाऱ्यांचं. मुखर्जींचा झाडाशी काय संबंध? नावाची सुरुवात ‘मू’ आहे, बस. झाड इथे फक्त तोंडाने उच्चारलं जातं, डोळ्यांना दिसत असलं तरी.

मावशी : आणि ‘दी’?

भाचा : ‘दी’ एका फुलझाडाचं नाव आहे.

मावशी : एवढंच? शिजिंगमध्ये, त्यांच्या सगळ्यात जुन्या कवितासंग्रहात, या झाडाच्या नावाची एक कविता आहे, भावाभावांच्या प्रेमाची. तेव्हापासून ते अक्षर धाकट्या भावासाठी वापरतात. चीनला मदतीला आलेल्या माणसाच्या नावात ते बसवलं, ते निव्वळ ‘दी’ ऐकू आलं म्हणून? ‘दी’ उच्चाराची डझनावारी अक्षरं आहेत. जमीन आहे, शत्रू आहे. शत्रू का नाही घेतलं?

भाचा : शत्रू कोण घेईल?

मावशी : मग अर्थ बघितला ना! दांड्याकडे दुर्लक्ष केलं, कारण ‘ख’ हे तिकडचं जुनं आडनाव आहे. आणि ‘दी’ निवडताना विचार केला. एका नावात दोन झाडं, एक तुझं आणि एक माझं.

कोटणीस चिनी बोलायला-लिहायला शिकले, 1941 साली क्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेले. मुलाचं नाव यिनह्वा ठेवलं होतं, भारत आणि चीन. शिजियाझुआंगच्या स्मारकावर त्यांचं नाव सोप्या लिपीत आहे. त्यात ‘ह्वा’ अक्षराच्या डोक्यावरचं जुनं गवत गेलं, झाडं दोन्ही शाबूत आहेत.

मग विषय परीक्षेवर आला आणि आवाज चढले. जपानी प्रावीण्य परीक्षेत हाताने एक अक्षरही लिहावं लागत नाही, सगळे पर्याय निवडायचे, असं भाच्याचं म्हणणं. 2010 साली पातळ्या बदलल्यापासून अधिकृत अक्षरयादीही प्रसिद्ध होत नाही. मग झाडाच्या उभ्या रेघेला खाली आकडी काढली म्हणून अर्धा गुण कापायचा कशाला? ‘हाने’ म्हणजे ती आकडी आली की मावशी कापते, हे मला माहीत होतं.

भाचा : 2016 साली जपानच्या सांस्कृतिक व्यवहार खात्याने मार्गदर्शिका काढली. त्यात हेच उदाहरण आहे, झाडाचं. आकडी असली तरी बरोबर, नसली तरी बरोबर.

मावशी : वाचलीय मी. सरकारने सूट दिली म्हणून मी वळण सोडू? आज आकडी चालवून घेतली तर उद्या शेवटाचा ‘मात्सु’ आणि ‘मि’ सारखेच काढतील. झाडाला वर दुसरी आडवी रेघ, लांब असली तर ‘शेवट’, आखूड असली तर ‘अजून नाही’. नुसत्या लांबीचा फरक. तिथे हात बसलेला लागतो.

भाचा : फोनवर टाइप करताना लांबी मोजत नाहीत. उच्चार लिहायचा, अक्षर समोर येतं. खण संपले, मावशी.

मावशी : तुझ्या फोनमध्ये ही अक्षरं कोणत्या क्रमाने भरलीयत?

भाच्याने मान खाली घातली नाही, पण हसला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. चीन, जपान आणि कोरियाच्या याद्या एकत्र करून जो पहिला मोठा संच केला त्यात 20,902 अक्षरं होती. त्यांची रांग कशी लावायची? चिनी उच्चाराने लावली तर जपान नाराज, जपानीने लावली तर चीन. शेवटी कांगशीच्या खणांवर सगळ्यांचं एकमत झालं. त्या संचात झाडापासून पुढच्या खणाच्या पहिल्या अक्षरापर्यंत 1,016 क्रमांक आहेत, आणि त्यात पूर्व, कर्म, ब्रह्म, लंकेचा ‘लं’, चंदन, ली, पार्क, टेबल आणि कोटणीस सगळे आहेत. शिवाय 214 खणांच्या शीर्षांना वेगळे क्रमांक दिलेत. त्यामुळे पडद्यावर हुबेहूब एकसारखी दोन झाडं असतात, एक अक्षर आणि एक खणाची पाटी. कुठल्या तरी फाइलमधून पाटी अक्षराच्या जागी येऊन बसते, आणि मग पुस्तिकेत ‘लाकूड’ शोधलं की डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. हे तो रोज निस्तरतो.

मावशी : म्हणजे 1615 सालचा तुझा तो दुकानदार अजून गल्ल्यावर बसलाय.

भाचा : बसलाय. पण तो दुकानदारच आहे, माझं म्हणणं तेच आहे! शीर्षक बदल. ‘किहेन’ लिही. डावीकडे बसलेली तेवढी ठेव, ती बहुतेक खरंच झाडाची आहेत.

मावशी : मग निहोनमधला ‘होन’ जाईल. झाडाच्या मुळाशी मारलेली रेघ. जपान देशाचं नावच जाईल तक्त्यावरून.

भाचा : ‘पूर्व’ जाईल, ‘गो’ जाईल, तुझे अरण्यातले ऋषीही जातील.

मावशी : ऋषी जाणार नाहीत. शीर्षक ‘झाडाचा खण’ कर, ‘अर्थ’ काढ. राखाडी भाग निळा कर, उच्चार दिसू दे. ‘पूर्व’ राहील, खाली बारीक अक्षरात बोचकं लिही. लंका काढ, तिचा काही उपयोग नाही. आणि कोटणीसांची दोन्ही अक्षरं डाव्या कोपऱ्यात, मोठी.

भाचा : मावशी, ती दोन जपानच्या 2,136 अक्षरांच्या नेहमीच्या यादीत नाहीत. कुठल्याच परीक्षेत येणार नाहीत.

मावशी : माहीत आहे मला. मोठी म्हणजे निदान तळहाताएवढी.